शटर दोनशेवर ठेवणाऱ्या एस्तेरला

एस्तेर, तुझा फोटो सापडत नाहीये.

हे ऐकून तू आधी खो खो हसली असतीस आणि मग माझ्यावरच खेकसली असतीस, नीट शोध म्हणून. शोधतेय. आपल्या दोघींच्या या एवढ्याशा स्टुडिओत निम्म्या नगर जिल्ह्याची लग्नं पडून आहेत. सुप्याच्या कंपन्यांत कामाला असलेल्या पोरांची, पारनेरच्या मास्तरांच्या मुलींची, पार कोपरगावपर्यंतची. कुणाच्या करवल्या, कुणाचे रुसलेले मेव्हणे, कुणाच्या मांडीवर झोपलेली बाळं. आणि ज्या बाईनं हे काढलं, तिचा एक धड फोटो नाही.

सरलाचा फोन आला होता. तुझी ही धाकटी बहीण रडायचं थांबली की लगेच कामाचं बोलायला लागते, तुझ्यासारखीच. म्हणाली, "सुजाता, रविवारी चर्चमधी तिच्यासाठी प्रार्थना हाय. टेबलावर ठेवायला फोटो लागंल. आधार कार्डावरचा नको गं. त्याच्यात ती लई दुष्ट दिसती."

मी म्हटलं, देते. देते म्हणताना मला वाटलं होतं की संगणक उघडला की ढिगानं मिळतील.

तुझ्या कबरीवरची माती अजून पुरती बसलीसुद्धा नाही. मी रोज सकाळी येऊन दुकान उघडते, तुझी खुर्ची पुसते, आणि कुणी गिऱ्हाईक आलं नाही तर बरं, असं मनात म्हणते. आलं की ते विचारतं, "मॅडम कुठायत?" लोक मला कधी मॅडम म्हणाले नाहीत. मॅडम तू होतीस. मी "त्या दुसऱ्या".

पहिल्यांदा आले तेव्हा मी तुला ताई म्हटलं होतं, आठवतं? तू डोळे वटारलेस. "ताई म्हनलीस की मी म्हातारी होते. एस्तेर म्हन." तेव्हापासून एस्तेर. बाकी सगळं मात्र तू ताईसारखंच केलंस. हुकूम सोडणं, डबा उघडून बघणं, माझ्या डब्यातली भाजी संपवून वर तिला नावं ठेवणं.

आपली ओळखच पांढऱ्या साडीमुळे झाली. तुमच्यात नवरी पांढऱ्या साडीत चर्चमध्ये येते. आमच्या बौद्धांत पांढऱ्या साडीत बुद्धाच्या मूर्तीसमोर बसते. बाकी सगळा मुलूख लाल, हिरवा, पिवळा. नगरचे फोटोग्राफर म्हणायचे की पांढरं लग्न असेल तर त्या दोघींकडे जा, आम्हाला ते झेपत नाही. ते खोटं नव्हतं. फ्लॅश ऑटोवर ठेवला की तो आधी एक बारीक चमक टाकून बघतो, समोरून किती उजेड परत येतोय. पांढऱ्या साडीवरून ढीगभर परत येतो. त्याला वाटतं, बास झालं, आणि तो हात आखडता घेतो. मग साडी धुण्याच्या पाण्यासारखी राखाडी येते आणि नवरीचा चेहरा काळवंडतो. तू मला हे पहिल्याच दिवशी सांगितलंस, तुझ्या भाषेत. "पांढरं बगितलं की ह्यो घाबरतो. त्याला सांगावं लागतं, घाबरू नको, आजून दे." आणि फ्लॅशच्या मागचं बटण दाबून त्याला प्लसवर नेलंस.

पुढे तो प्लस आपल्या अंगवळणीच पडला. इतका की त्या वर्षी लागोपाठ पांढरी लग्नं झाली आणि मग पारनेरकडचं जांभळ्या शालूचं एक लग्न आलं, तेव्हा बटण तसंच राहिलं. गडद शालू, मागं गडद पडदा, उजेड परत येईना. फ्लॅश आधीच जीव तोडून चमकत होता, त्यात आपला प्लस. तुझ्या कॅमेऱ्यातही तेच, माझ्यातही तेच. अल्बमचे नमुने बघायला नवरीची आई आली, आणि स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "आवं बाई, आमची मानसं काय पिठाच्या डब्यात पडली व्हती का?"

आणि तू, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता: "मावशी, ही नवी फॅशन हाय. पुण्याला सगळे आसंच काढत्यात."

"व्हय? मग आसू द्या."

ती गेल्यावर आपण दोघी हसून हसून खाली बसलो. मग तू उठलीस आणि संगणकावर एकेका फोटोचा उजेड खाली उतरवत बसलीस, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर त्यांचा त्यांचा रंग येईपर्यंत. मावशीला शेवटी चांगलाच अल्बम मिळाला. फॅशन बदलली, असं तू तिला सांगितलंस.

असं सगळं आठवतं आणि मी एकटीच हसते. मग दुकानात कुणी नाही हे लक्षात येतं. हसून झाल्यावरची शांतता फार वाईट असते एस्तेर, रडून झाल्यावरच्या शांततेपेक्षा.

आपलं एक भांडण मिटायचं राहिलं. तू गेलीस म्हणून मी ते सोडून देईन असं समजू नकोस.

फ्लॅशच्या फोटोत दोन उजेड असतात. एक फ्लॅशचा. तो इतक्या झटकन येऊन जातो की शटर जलद आहे की हळू, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जवळच्या माणसाला तो भरपूर मिळतो, दुप्पट लांब उभ्या असलेल्याला चौथा हिस्सा, आणि पार मागच्याला जवळजवळ काहीच नाही. दुसरा उजेड खोलीचा, तिथल्या ट्यूबलाइटचा, खिडकीचा. तो हळूहळू येतो. शटर जितका वेळ उघडं, तितकी मागची खोली फोटोत भरत जाते. तेव्हा नवरीला धक्का न लावता मागचं सगळं ठेवायचं की घालवायचं, हे शटरवर असतं. तुझं शटर कायम दोनशेवर, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरतं उघडं. नवरा-नवरी लख्ख आणि मागं काळंकुट्ट. मी ते पार पंधरावर आणायची. नवरा-नवरी तेवढेच लख्ख, आणि मागं माणसं, पंखे, खुर्च्या, पदर सावरणाऱ्या बायका, थोड्या हललेल्या पण असलेल्या.

तुला हे सगळं माझ्या आधीपासून माहीत होतं. तरी मी तुला समजावायला जायची आणि तू म्हणायचीस, "मला शिकवती व्हय?"

आपण नवरा-नवरीच्या दोन बाजूंना उभ्या राहायचो. तू समोरून, मी मागून. म्हणजे तुझ्या प्रत्येक फोटोत मागं मी होते आणि माझ्या प्रत्येक फोटोत मागं तू. पण तुझं शटर दोनशेवर, त्यामुळे तुझ्या एकाही फोटोत मी नाही. हे मला लागायचं. हो, लागायचं. इतकी वर्षं बरोबर काम करून तुझ्या अख्ख्या कामात माझा एक केससुद्धा नसावा, हे मला लागायचं. मी ते फोटोग्राफीचं भांडण करून बोलायची, कारण सरळ बोलले असते तर तू चेष्टा केली असतीस.

कोपरगावचं लग्न आठव. साखर कारखान्याच्या चाळीपुढचा मांडव, वर पत्रा. मी शटर हळू करून काढलेले फोटो तू परतताना गाडीत बघितलेस आणि तुझा आवाज चढला. ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज बारीक केला.

"सुजे, त्या पोरीच्या आईनं सकाळपास्नं साड्या बांधून पत्रा झाकलाय. वायरी झाकल्यात. अन तू नेमकं तेच दाखवती?"

"मागं माणसं पण असतात एस्तेर."

"असत्याल. पन लगीन त्यांचं न्हाई. मागचं काळं केलं की मांडव बी राजवाडा होतो. एक दिवस तरी होऊ दे की तिला राजवाडा."

तेव्हा मला कळलं की तू मागचं काळं का करतेस. ती तुझी माया होती. तुला कुणाचा पत्रा जगाला दाखवायचा नव्हता. कळलं, पण मी बोलले नाही. खिडकीबाहेर बघत बसले. तू दोनदा "काय झालं?" विचारलंस. मी म्हटलं, "काही नाही." नगर आलं, तू उतरलीस, म्हणालीस, "उद्या भांडू, आता पाय दुखत्यात." मग तुझे पायच सुजायला लागले, आणि दवाखाने सुरू झाले.

जे बोलले नाही ते आता सांगते. आमच्या घरी मामाच्या लग्नाचा एक फोटो आहे. मामा-मामी झगमगीत, मागं काळोख. त्या काळोखात माझे वडील उभे आहेत असं आई सांगते. निरखून बघितलं तर सदऱ्याची कॉलर दिसते आणि एक कान. वडील गेले तेव्हा मला चालताही येत नव्हतं. त्यांचा दुसरा फोटो नाही. लहानपणी मी तो फोटो उन्हात धरून बघायची, ट्यूबखाली धरून बघायची. कागदावर जे उमटलंच नाही ते कितीही उजेडात धरलं तरी दिसत नाही. त्या फोटोग्राफरनंही तुझ्यासारखाच विचार केला असेल. लगीन त्यांचं न्हाई.

हे तुला त्या दिवशी गाडीत सांगायला हवं होतं. तू काय म्हणाली असतीस ते मी रोज वेगवेगळं ठरवते. कधी म्हणतेस, "आधी सांगायचं की येडे." बहुतेक वेळा तू काहीच न म्हणता ड्रायव्हरला चहाला थांबायला सांगतेस.

दवाखान्यात तू शेवटचं शहाण्यासारखं काही बोलशील असं मला उगीच वाटत होतं. तू बोललीस ते हे: "सुप्याची ऑर्डर घेतलीय. पांढरं लगीन हाय. प्लसवर ठेव, विसरशील." मी म्हटलं, "तूच ठेव की येऊन." तू डोळे मिटून हसलीस. त्यानंतर तू बोललीस ते पाणी मागण्यापुरतं.

सुप्याचं लग्न मी एकटीनं केलं. पुणे रस्त्यालगतचं मंगल कार्यालय, आमच्याच माणसांचं लग्न. नवरीची मावशी ओळखीची निघाली. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न तू काढलं होतंस.

"त्या दुसऱ्या बाई न्हाई आल्या?"

पहिल्यांदाच कुणी तुला दुसऱ्या बाई म्हणालं. मी म्हटलं, "त्या गेल्या."

"कुटं गेल्या?"

मी मान खाली घालून फ्लॅश बसवायला लागले. मग तिला कळलं. तिनं माझा कॅमेऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आरारा. लई गोड बोलायच्या ओ. माज्या पोरीला म्हनल्या, रडू नको, काजळ माज्या फोटूत उतरतंय." आणि तिनं मला बळंच खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

वंदना सुरू झाली तेव्हा मी उठले. प्लस लावला. विसरले नाही. पहिले काही फोटो काढून स्क्रीनवर बघितले. साडी दुधासारखी पांढरी, नवरी लख्ख, आणि मागं काळंकुट्ट. माझं शटर दोनशेवर होतं. मी ते तिथं कधी नेलं मला माहीत नाही. हातांनी आपलं आपणच नेलं असणार. इतकी वर्षं भांडून, तू गेल्यावर मी तुझे फोटो काढत होते.

मग मी शटर पंधरावर आणलं. मागची खोली हळूच आली. खिडकी आली, खुर्च्या आल्या, मावशी आली. आणि नवरा-नवरीच्या पलीकडे जिथं तू उभी असायचीस, कंबरेला ओढणी बांधून, लेन्सचं झाकण दातात धरून, तिथं पाण्याचा जार होता. मी पुन्हा शटर दोनशेवर नेलं. मला ती जागा बघवेना. पुढचं अर्धं लग्न तुझ्या पद्धतीनं झालंय. काळं करणं किती सोयीचं असतं ते त्या दिवशी कळलं.

तर फोटो. तू स्वतःहून कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाहीस. "माझं नाक लई मोठं हाय," म्हणून पळायचीस. पण मी काढलेल्या लग्नांमध्ये शोधायला लागले आणि तू निघायला लागलीस. नवरा-नवरीच्या मागं, थोडी हललेली, थोडी अंधुक. एकात तू भटजींना बाजूला सरकवतेयस. एकात तोंडात अख्खा लाडू आहे. एकात चर्चमध्ये पाळकसाहेबांनी फ्लॅश मारू नका म्हटल्यावर तुझं तोंड जे झालं ते मी जपून ठेवणार आहे. आणि राहुरीच्या एका लग्नात तू एका आजीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतेयस, आजी पदर तोंडाला लावून हसतेय, तूही हसतेयस, नाकासकट. मी पुढचे नवरा-नवरी कापले आणि तुला मोठी केली.

सरला बघायला आली. बराच वेळ बघितलं. "जरा हाललाय गं."

"शटर हळू होतं. एवढाच उजेड होता."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ती तरी कुठं जागेवर उभी ऱ्हायची?"

मग ती रडली, मग लगेच फ्रेम कुठली घ्यायची ते बोलायला लागली. लाकडाची घेतलीय. रविवारी तू चर्चमध्ये टेबलावर असशील, माझ्या शटरनं काढलेली. भांडण मी जिंकले असं मला तुला सांगायचं होतं. इथंच हा मजकूर संपवायचाही होता.

पण सरला गेल्यावर सुप्याच्या लग्नासाठी जागा करायची म्हणून मी तुझ्या कॅमेऱ्याची जुनी मेमरी कार्डं चाळायला घेतली. तुझ्या प्रत्येक लग्नात अधूनमधून एखादी फ्रेम ठार काळी असायची. फ्लॅश भरायच्या आत बटण दाबलं गेलं की असं होतं, सगळ्यांचं होतं. मी तुला चिडवायची की फ्लॅश म्हातारा झाला, तुझ्यासारखा. मी त्या पुसायला गेले की तू ओरडायचीस, "ऱ्हाऊ दे, माझ्या कार्डाला हात लावू नको." मला वाटायचं, हा तुझा मॅडमपणा.

आज तू ओरडायला नव्हतीस. पुसायच्या आधी एक उघडली. उगीच, हाताला चाळा म्हणून, त्या पिठाच्या डब्यातल्या लोकांना तू खाली उतरवलं होतंस तसं मी हिचा उजेड वर चढवत गेले. हा मामाच्या लग्नाचा कागद नव्हता, कार्डात काळोखातलंही थोडं उमटलेलं असतं. काळोखातून वाळूसारखे ठिपके वर आले. ठिपक्यांतून पत्र्याचा मांडव आला. वायरी आल्या. उलट्या करून रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. नवरा-नवरी कुठंच नव्हते. खुर्च्यांशेजारी मी होते. चपला काढून, मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

दुसरी उघडली. मी, भिंतीला टेकून डुलकी काढताना. तिसरी. मी, कुणाचं तरी बाळ खांद्यावर घेऊन. फ्लॅश संपला नव्हता एस्तेर, तू तो बंद केला होतास, मला कळू नये म्हणून. शटर तसंच दोनशेवर. बदलायला विसरलीस, की अंधारातच ठेवायचं होतं? तू शटर विसरणारी नव्हतीस. हे आता मी कुणाला विचारू?

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी हसतेयसुद्धा एकीत, कशाला कोण जाणे, ताटाकडे बघून. कोपरगावचीच आहे ती, मागचा पत्रा ओळखू येतो. त्या दुपारी तू आत नवरीच्या आईशी बोलत बसलीयस असं धरून मी जेवत होते, आणि मला वाटत होतं की मी एकटीच बसलेय.